झडीच्या दिवसांतले मूल

आमच्या भागात एखादी सर येऊन गेली तर तिला कुणी फारसा भाव देत नाही. झड लागली म्हणजे खरा पावसाळा सुरू झाला असे आम्ही समजतो. झड म्हणजे काय, हे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मंडळींना सांगायला नको. आषाढ-श्रावणात आभाळ एकदा खाली उतरले की चार-चार, पाच-पाच दिवस सूर्यदर्शन नाही. कवेलूंवरून पागोळ्या अखंड गळत असतात. गोसीखुर्दची दारे उघडली की वैनगंगा फुगते. इरई धरणाची दारे उघडली की चंद्रपूरच्या सखल वस्त्यांतली माणसे बोचकी बांधून बसतात. आणि पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा जगाशी संबंध आजवर किती वेळा तुटला, हे मोजणे तिकडच्या लोकांनी केव्हाच सोडून दिले असेल. बांधीत रोवणीची घाई असते. मोठी माणसे कामात असतात, नाही तर काळजीत. शाळेला सुट्टी, अंगणवाडी बंद, आणि घरात चार-साडेचार वर्षांचे एक मूल सकाळपासून दहाव्यांदा विचारत असते, "आता मी काय करू?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा माझा अधिकार काय, असे तुम्ही विचाराल. मी महाविद्यालयात शिकवतो, पण माझे विद्यार्थी सतरा-अठरा वर्षांचे, आणि ते मला "आता काय करू?" असे कधीच विचारत नाहीत. तेव्हा माझा अधिकार एवढाच की मी बाप आहे, आणि या कामात एकदा चांगलाच चुकलेलो आहे. ती चूक आधी सांगतो. तिच्यातूनच पुढचे सारे निघाले.

आमचे घर ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. कॉलेजला मी तिथूनच जाऊन-येऊन करतो. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. शेजारच्या शिवारात वाघीण दिसल्याची बातमी होती, सोबत पिल्ले होती. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ ताडोब्याच्या हद्दीबाहेरही भरपूर आहेत आणि गावे जंगलाला अगदी खेटून आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सात्या आणि वास्ते आणायला रानात जाणाऱ्या बायांना वनखात्याची माणसे गावात येऊन बजावून गेली होती. संध्याकाळी ओसरीवर दुसरा विषयच नव्हता. कुठे कुणाला धरले, कुठवर ओढत नेले, काय सापडले, सगळे तपशिलासह. आमची धाकटी तेव्हा साडेचार वर्षांची. ती आजीच्या मांडीवर डोळे मिटून पडलेली असे. आम्हाला वाटे, पोर झोपली आहे.

झडीच्या तिसऱ्या दिवशी मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. धाकटी पाय न वाजवता आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाबा, हळू बोला. आपल्या ढोलीत वाघीण आहे. तिले दोन पिल्लं झाली."

ढोली म्हणजे धान ठेवायची आमच्याकडची बांबूची कणगी. मी पेन खाली ठेवले आणि म्हणालो, "खोटं बोलू नये. ढोलीत धान आहे." एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण मास्तरकीची सवय वाईट! मी तिला उचलून घेतले, ढोलीचे झाकण काढले, आत टॉर्चचा उजेड पाडला आणि म्हणालो, "बघ, आहे का वाघीण?" तिने पाहिले. नाही म्हणून मान हलवली. मी परत उत्तरपत्रिकांकडे वळलो. विधान खोडून काढले, पुरावा दिला, प्रतिपक्षाने मान्य केले. आता आणखी काय हवे?

त्या रात्री ती दोनदा ओरडून उठली. दुसऱ्या रात्रीही तेच. दिवसा ती एकटी न्हाणीत जाईना, माजघरात अंधार झाला की आईचा पदर सोडीना. आणि वाघिणीबद्दल मात्र अवाक्षर नाही. ते तर मी खोटे ठरवून टाकले होते ना!

माझ्या आईने मला बाजूला घेऊन विचारले, "काऊन रे, ते पोरगी का खोटं बोलून रायली होती? ते त तुले आपलं भेव सांगून रायली होती." आई चौथी शिकलेली. तिचे हे एक वाक्य ऐकून मी गप्प झालो. तेव्हा कुठे मला कळले की वाघीण ढोलीत होती तोवर ती कुठे आहे हे निदान पोरीला माहीत होते. ढोलीला झाकण होते, वाघीण बाळंतीण होती, आणि घरातल्या सगळ्यांनी हळू बोलले म्हणजे धोका नव्हता. पोरीने ओसरीवरच्या त्या भयंकर गप्पांतला वाघ उचलून आपल्या आटोक्यातल्या जागी नेऊन ठेवला होता. मी त्याला तिथून हाकलून लावले. आता तो न्हाणीत असू शकत होता, खाटेखाली असू शकत होता, कुठेही असू शकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मुद्दाम ढोलीजवळ सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. थोड्या वेळाने नातीला म्हणाली, "काय वं, तुही वाघीण खाते तरी काय?" पोरीने आधी माझ्याकडे पाहिले. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मी पेपरात डोके घातले. मग ती आजीला सरकून बसली आणि म्हणाली, "भात खाते. पण गरम नाही चालत."

तिथून पुढचे तीन दिवस आमच्या घरात वाघिणीचे बाळंतपण चालले होते. चिंचोक्यांचा भात शिजला. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची दुपटी झाली. पिल्लांना सर्दी झाली तेव्हा ओव्याची पुरचुंडी शेकून झाली. पाचव्या दिवशी ऊन पडले, तेव्हा धाकटीने आपणच जाहीर केले, "वाघीण रानात गेली. पिल्लांची शाळा आहे." रात्रीचे दचकून उठणे त्याआधीच थांबले होते.

मंडळी, मुलाचे खोटे बोलणे आणि मुलाची कल्पना यांत फरक कसा ओळखायचा? माझी कसोटी साधी आहे. या बोलण्यात मुलाला काही लपवायचे आहे का? फुटलेला कप, सांडलेले दूध, मारलेला चिमटा? असेल तर ते खोटे, आणि त्याचा विचार वेगळा. पण मूल आपण होऊन तुमच्याकडे येते, तुम्हाला काही दाखवू पाहते, तुम्हाला त्यात सामील करून घेते, तेव्हा ते खोटे नव्हे. त्या वेळी "हे खरे आहे का?" असे विचारू नये. "मग पुढे काय झाले?" असे विचारावे.

मात्र एक खबरदारी. खेळातला वाघ वेगळा आणि रानातला वेगळा, हे आपल्या मुलखात पोरांना शिकवावेच लागते. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचे नाही, झुडपाकडे जायचे नाही, हे नियम आम्ही धाकटीला स्पष्ट सांगतो. पण वेगळ्या वेळी, वेगळ्या आवाजात, खेळाच्या मध्येच नव्हे. मुलांना हा भेद आपल्याला वाटतो त्यापेक्षा चांगला कळतो. ढोलीतल्या वाघिणीला भात भरवणारी पोर अंगणात कुत्रे गुरगुरले की बरोबर आत पळते.

कोंडलेल्या मुलाच्या मनाचे एक सुंदर वर्णन रवींद्रनाथ ठाकुरांनी आपल्या 'जीवनस्मृती'त केले आहे. हे पुस्तक १९१२ सालचे. जोडासाँकोच्या मोठ्या वाड्यात लहानग्या रवीला नोकरांच्या हवाली केलेले असे. श्याम नावाचा नोकर त्याला एका जागी बसवी, त्याच्याभोवती खडूने रिंगण काढी आणि बजावी की याच्या बाहेर गेलास तर संकट ओढवेल. सीतेने रेषा ओलांडली तेव्हा काय झाले हे त्या मुलाला माहीत होते; त्यामुळे त्याची जागचे हलण्याची छाती होत नसे. पण जवळ खिडकी होती, खिडकीखाली तळे होते, काठाला वडाचे झाड होते. दिवसभर तो अंघोळीला येणाऱ्या माणसांच्या लकबी पाहत बसे आणि वडाच्या पारंब्यांच्या अंधारात एक निराळेच जग रचत राही. श्यामची ही पद्धत चांगली होती असे मी मुळीच म्हणत नाही. सांगायचे एवढेच की मुलाला खिडकी लागते. पाहायला काही तरी, आणि ते पाहत असताना कुणी मध्येच न बोलणे, या दोन गोष्टी मिळाल्या की मूल आपले काम आपण सुरू करते.

हे मला दुसऱ्या चुकीतून कळले. वाघिणीच्या प्रकरणानंतर मला भारी उत्साह आला. पुढच्या झडीला मी तयारीनिशी उतरलो. शहरातून रंग आणले, ठोकळे आणले, चिकटवायचे कागद आणले, आणि चक्क वेळापत्रक केले! दहा ते अकरा चित्रकला, अकरा ते बारा गोष्ट. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला विद्यार्थिनी वर्गातून पसार! शोधतो तो ती ओसरीवर. कवेलू दोन ठिकाणी गळत होते म्हणून आईने खाली एक पितळी गंज आणि एक प्लास्टिकची बादली ठेवली होती. धाकटी दोन्हींच्या मध्ये बसून ऐकत होती. गंजात थेंब पडला की "आजी बोलली", बादलीत पडला की "आबाजी बोलले". आजी-आबाजींचे भांडण चालले होते आणि ती मध्यस्थी करत होती. मी आणलेले रंग तसेच पडून होते. त्या दिवसापासून वेळापत्रक बंद केले. मुलाला वस्तू द्यावी, कार्यक्रम देऊ नये, हे त्या दिवशी शिकलो.

आणि वस्तू तरी कुठल्या? महाराष्ट्रात हा विचार फार पूर्वी होऊन गेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाण्याकडच्या बोर्डी गावात गरिबांच्या मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या शेजारी गेले. मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग; ती पाड्यावर आणायची कुठून? म्हणून या बायांनी शंख-शिंपले, दगड, पाने, बिया, शेंगा यांचीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच आला. ज्या मुलखात बी आहे, पान आहे, माती आहे, तिथे मुलाला खेळायला काही नाही असे म्हणता येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. मग आपल्या झाडीपट्टीत काय कमी आहे?

आता आमच्या घरात जे चालले ते सांगतो. तुमच्या घरात त्यातले काही चालेल, काही चालणार नाही.

पहिली गोष्ट, एक टोपली. बांबूची एक जुनी टोपली मुलाच्या मालकीची करून टाका. तिच्यात चिंचोके, कवड्या, फुटक्या कवेलूचे कडा घासलेले तुकडे, पळसाची पाने, बांबूच्या गुळगुळीत केलेल्या कांड्या, चिंध्या, सुतळी असे काहीही असू द्या. झडीच्या दिवशीच ती टोपली काढायची, एरवी माळ्यावर. रोज दिसणाऱ्या वस्तूची किंमत मुलाला राहत नाही. दोन चिंचोके मधून फोडले की अष्टा-चंग्याची दाने तयार होतात. एक बाजू काळी, एक पांढरी. फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरे आखा. लहान मुलाला नियम सगळे कळणार नाहीत. त्याने आपले नियम केले तर करू द्या.

दुसरी गोष्ट, एक जागा. मोठ्या खोलीत मुलाची कल्पना सांडून जाते; तिला आडोसा लागतो. खाटेखाली, टेबलाखाली, ढोलीच्या मागे. आमच्याकडे सर्वांत मोठी सोय मच्छरदाणीची झाली. गडचिरोली जिल्ह्यात हिवताप फार असतो, आणि पावसाळ्यात मच्छरदाणीशिवाय मुलाला झोपवणे म्हणजे जीवाशी खेळ. पण धाकटी आत राहायला तयार नसे, दहा वेळा बाहेर येई. एका दुपारी तिने खाटेची होडी केली आणि मच्छरदाणीचे शीड. वैनगंगेला पूर आला होता, होडीबाहेर पाय टाकला की बुडणार! मी फक्त एवढेच विचारले, "मग रात्री होडी कुठं जाते?" तेव्हापासून मच्छरदाणी नीट खोचून घ्यायला तीच आम्हाला सांगते, फट राहिली तर होडीत पाणी शिरते ना!

तिसरी गोष्ट, घरातले काम. पावसाळ्यात आईला वेळ नसतो हे खरे. पण मुलाला वेगळा वेळ देण्यापेक्षा आपल्या कामातला एक कोपरा द्यावा. सुपातल्या तांदळाची एक मूठ त्याच्या पुढ्यात टाका, लाखोळीच्या डाळीत मिसळलेले दुसरे दाणे निवडायला द्या. श्रावणात भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. त्यात बुध हत्तीवर बसलेले आणि बृहस्पती वाघावर. धाकटीने विचारले, "वाघ यांना खात का नाही?" आजीला त्याचे उत्तर तीन दिवस पुरले. पोळा जवळ आला की मातीचे बैल करायला घ्या, आणि तान्ह्या पोळ्यासाठी घरातला लाकडी नंदी माळ्यावरून काढून त्याचे रंगकाम मुलाच्या हाती द्या. रंग ओघळेल, बैलाला शिंगे तीन दिसतील. दिसू द्या.

चौथी गोष्ट, अर्धी गोष्ट. रात्री आटपाट नगरापासून सुरुवात करून मध्येच थांबावे आणि म्हणावे, "आता तू सांग." माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांतल्या आयांना माझी खास विनंती आहे की ही गोष्ट आपल्याच बोलीत सांगा. शाळेची भाषा शाळेत येईल. पण मुलाचे मन ज्या भाषेत स्वप्ने पाहते ती भाषा घरातच मिळते.

आणि मोबाईलचे काय, असे तुम्ही विचारणारच. मी साधुसंत नाही. परीक्षेच्या कामात असताना मीही तो तिच्या हाती दिलेला आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एक वर्षाखालच्या मुलाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाचे बसून पडदा पाहणे दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, कमी तितके चांगले, असे म्हटले आहे. आमच्याकडे झडीत लाईट जाते, नेटवर्कही जाते, तेव्हा तो प्रश्न निसर्गच सोडवतो. तेव्हा वैतागू नका. पहिला अर्धा तास मूल रडेल, कंटाळा आला म्हणेल. त्या कंटाळ्याला घाबरू नये. गंज आणि बादलीचे भांडण त्या कंटाळ्यातूनच निघाले होते.

आता चार सावधगिरीच्या गोष्टी. पावसाळ्यात साप कोरड्या जागेसाठी घरात येतात, आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. तेव्हा मुलाचा खेळायचा कोपरा, लाकडाचा ढीग, ढोलीमागची जागा आधी उजेड पाडून पाहावी आणि मुलाला शक्यतो खाटेवर झोपवावे. साप चावलाच तर मांत्रिकाकडे न जाता सरळ दवाखाना गाठावा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोके, कवड्या, शेंगदाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. गळतीखाली ठेवलेली पाण्याची बादली रांगत्या मुलाजवळ एकटी सोडू नये. ओल्या भिंतीवरच्या बटणांना हात लावू देऊ नये. आणि पाचवी, मी माझ्यासाठी लिहून ठेवलेली: मांडीवर मूल असताना ओसरीवर काय बोलतो याचे भान ठेवावे. ते झोपलेले नसते.

यंदा झड लागेल तेव्हा तुमच्याही घरात कुणी तरी पाय न वाजवता येईल आणि कानाशी लागून काही तरी अशक्य गोष्ट सांगेल. हातात काम असेल, डोक्यात रोवणीची नाही तर पुराची काळजी असेल. तरी क्षणभर थांबा. टॉर्च काढू नका. ती वाघीण भात खाते की पोळी, एवढे विचारा. पुढचे मूल सांगेल.